आरोग्यचिंतन : अंग भरले म्हणजे संयम सुटला असे नव्हे

दशलक्षण पर्वाचा सहावा दिवस उत्तम संयमाचा. हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या गावच्या मंदिरजीतून प्रवचन आटोपून श्राविका बाहेर पडत आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्यांच्यात पन्नाशीच्या एक काकू आहेत. घरी अडतीचे दुकान, माणसांचा राबता. वर्षानुवर्षांचा रात्रीभोजनत्याग, अष्टमी-चतुर्दशीला एकाशन, पर्वात उपवास, असा त्यांचा नेम. तरीही गेल्या दोन वर्षांत त्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला आहे, गालांवर लाली चढली आहे, पोट सुटले आहे आणि मानेमागे मांसाचा उंचवटा आला आहे. हातपाय मात्र वाळल्यासारखे दिसतात. सामायिकाहून उठताना सुनेचा हात धरावा लागतो. पायरीवर कुणीतरी हसत विचारते, "काकू, उपवास इतके करता, मग अंग कसे हो भरले?" काकूही हसण्यावारी नेतात. घरी आल्यावर मात्र ताटातली अर्धी पोळी त्या निमूटपणे काढून ठेवतात.

या काकू कल्पनेतल्या आहेत. त्यांची लक्षणे मात्र वैद्यकाच्या ग्रंथांत शंभराहून अधिक वर्षे नोंदलेली आहेत. शरीरात कॉर्टिसोल नावाच्या संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे, प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिले की देहाची अशी अवस्था होते. तिला कुशिंग सिंड्रोम किंवा कुशिंगचा विकार म्हणतात. ज्या समाजात आहारसंयम हा धर्माचरणाचा भाग मानला जातो, तेथे या रोगाचे दुःख दुहेरी असते. रोग देहाला पोखरतो आणि भोवतालची नजर मनाला. वाढलेल्या वजनाचा अर्थ असंयम असाच लावला गेला, तर रुग्ण स्वतःलाच दोषी मानून अन्न तोडत राहतो आणि खरे कारण वर्षानुवर्षे झाकले जाते.

देहातील पहारेकरी

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम. या ग्रंथींच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसोल तयार होते. निरोगी माणसाच्या शरीरात दिवसभरात साधारण 10 मिलिग्रॅमच्या आसपास कॉर्टिसोल निर्माण होते. एवढ्याशा द्रव्यावर फार मोठी जबाबदारी असते. रक्तदाब सांभाळणे, शरीराचा दाह आटोक्यात ठेवणे, आजारपणात आणि अपघातात देहाला तग धरण्याचे बळ देणे ही त्याचीच कामे. उपवासाच्या दिवशी पोटात अन्न नसतानाही रक्तातील साखर घसरू न देणाऱ्या संप्रेरकांतही कॉर्टिसोल आहे. तपाराधना करणाऱ्याच्या देहाला आतून आधार देणारे हे द्रव्य आहे, असे म्हटले तरी चालेल.

या ग्रंथींवर हुकमत असते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची. तिलाच पिट्युटरी म्हणतात. ती एसीटीएच नावाचे संप्रेरक पाठवून अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावते. रक्तात पुरेसे कॉर्टिसोल जमले की पीयूषिका आपला हात आखडता घेते. या देवघेवीला दिवसरात्रीची शिस्तही असते. पहाटेपासून कॉर्टिसोल वाढू लागते, जाग येण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असते, दिवस चढत जाईल तसे उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी तळाला पोहोचते. निरोगी देहसुद्धा आपल्या परीने रात्रीचा त्याग पाळत असतो. कुशिंगच्या विकारात पहिल्यांदा मोडते ती ही रात्रीची मर्यादा. दिवस असो वा रात्र, कॉर्टिसोल चढेच राहते.

मग जे द्रव्य राखण करीत होते तेच नासधूस करू लागते. स्नायूंतील प्रथिने झिजतात, म्हणून मांड्या आणि दंड बारीक होतात. हाडे ठिसूळ बनतात आणि बसच्या एखाद्या धक्क्यानेही मणका दबू शकतो. त्वचा कागदासारखी पातळ होते. चरबी हातापायांवरून ओसरून चेहरा, पोट, मान यांवर साठते. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि जखमा लवकर भरत नाहीत. झोप उडते, चिडचिड होते, उदासी दाटते. स्त्रियांची पाळी अनियमित होते आणि चेहऱ्यावर लव वाढते.

लठ्ठपणा कोणता आणि विकार कोणता

वाढलेले वजन, मधुमेह, रक्तदाब ही आज घरोघरची दुखणी आहेत. अशा प्रत्येकाला कुशिंगचा विकार असतो असे मुळीच नाही. म्हणूनच ज्या खुणा साध्या लठ्ठपणात सहसा दिसत नाहीत, त्या ओळखता आल्या पाहिजेत. किरकोळ धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग पडणे ही त्यांतली पहिली. चेहरा सतत लालसर राहणे ही दुसरी. जमिनीवरून उठताना, जिना चढताना किंवा डोक्यावरचा डबा फळीवर ठेवताना मांड्यांतले आणि दंडांतले बळ गेल्यासारखे वाटणे ही तिसरी. पोटावर, मांड्यांवर, काखेजवळ एक सेंटिमीटरहून रुंद, जांभळट-तांबडे पट्टे उमटणे ही चौथी. हे पट्टे तरुण रुग्णांत अधिक दिसतात. बाळंतपणानंतर पोटावर येणाऱ्या फिकट रेषांहून ते वेगळे असतात.

मुलांच्या बाबतीत एक खूण फार मोलाची आहे. जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल सहसा उंचीनेही वाढत राहते. कुशिंगच्या विकारात वजन वाढते आणि उंची खुंटते. दरवर्षी शाळेच्या गणवेशाचा घेर वाढवावा लागतो, पण लांबी वाढवावी लागत नाही, असे आईच्या ध्यानात आले तर ते 'बाळसे' समजून सोडून देऊ नये.

आणखी एक साधे साधन प्रत्येक घरात असते, ते म्हणजे जुना फोटो. हा बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्यांना तो जाणवत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीच्या लग्नातला फोटो आजच्या चेहऱ्याशेजारी ठेवला की फरक स्पष्ट दिसतो. तज्ज्ञ डॉक्टरही असे फोटो मागून घेतात.

एका शल्यविशारदाची नोंद

या विकाराला ज्यांचे नाव मिळाले ते हार्वे कुशिंग (1869–1939) हे अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद. त्यांच्याकडे आलेल्या 23 वर्षांच्या एका तरुणीचा वृत्तान्त त्यांनी 1912 मध्ये पीयूषिका ग्रंथीवरील आपल्या ग्रंथात नोंदवला. ठेंगणा बांधा, गोल चेहरा, सुटलेले पोट, बंद झालेली पाळी, अंगावरचे डाग आणि अशक्तपणा, असे तिचे दुखणे होते. पुढे तशाच अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून 1932 मध्ये त्यांनी असा विचार मांडला, की या सर्व लक्षणांचे मूळ पीयूषिकेतील एका लहानशा गाठीत असावे. कॉर्टिसोल तेव्हा कुणी वेगळे काढलेलेही नव्हते. डोळसपणे पाहणे आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे एवढ्याच बळावर त्यांनी हे ओळखले. आज तपासण्या विपुल आहेत, तरीही रोगाची सुरुवात आणि निदान यांत सरासरी तीन वर्षांच्या आसपास काळ जातो. कारण साखरेसाठी एक डॉक्टर, रक्तदाबासाठी दुसरा, पाळीसाठी तिसरा आणि उदासीसाठी कुणीच नाही, असे दुखण्याचे वाटे पडतात. सगळी लक्षणे एका ओळीत मांडून पाहणारे कुणी नसते.

बाहेरून आलेला अतिरेक

कुशिंगचा विकार दोन वाटांनी येतो. शरीरातच कॉर्टिसोल जास्त तयार होणे ही एक वाट, आणि कॉर्टिसोलसारखे औषध बाहेरून दीर्घकाळ पोटात, अंगात किंवा त्वचेतून जाणे ही दुसरी. दुसरी वाट पहिलीपेक्षा कितीतरी अधिक वाहती आहे. या औषधांना सामान्यपणे स्टिरॉइड म्हणतात.

स्टिरॉइडला केवळ दूषणे देणे मात्र एकांगी ठरेल. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. या कार्यासाठी हेंच, एडवर्ड केंडल आणि ताडेउश राइखश्टाइन यांना 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, आमवात, मूत्रपिंडाचे काही विकार, अवयवरोपण अशा प्रसंगी या औषधांनी असंख्य प्राण वाचवले आहेत. करोनाच्या साथीत, प्राणवायूची गरज पडलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात, हे 2020 मध्ये दिसून आले. तेच औषध गरज नसताना वा प्रमाणाबाहेर घेतल्याने साखर भडकली आणि 2021 मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा कहरही पाहिला. एकाच द्रव्याच्या या दोन बाजू आहेत. औषध कुणाला, किती आणि किती दिवस, या तीन प्रश्नांची उत्तरे नीट असली तर ते तारते. ती हरवली तर मारते.

हिंगोली हा हळदीचा आणि सोयाबीनचा जिल्हा. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत शेताशी आणि बाजाराशी बांधलेली माणसे राहतात. हळद काढणे, शिजवणे, वाळवणे असो, अडतीवर दिवसभर उभे राहणे असो की मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक असो, गुडघे आणि कंबर ही सर्वांचीच दुखती जागा असते. अशा वेळी 'हाताला गुण' असलेल्या कुणाकडून एक सुई घेतली, एक पुडी घेतली, की दुसऱ्या दिवशी माणूस उठून कामाला लागतो. पुडीत काय होते हे कुणी विचारत नाही. महिन्याने दुखणे परतते आणि पुडीही परतते. प्रत्येक पुडीत स्टिरॉइड असते असे नाही. परंतु सांधेदुखीच्या, दम्याच्या 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे देशात वारंवार पुढे आली आहेत. भूक वाढणे, अंगात एकाएकी तरतरी येणे आणि दुखणे जादूसारखे पळणे, या तीन गोष्टी एकत्र घडल्या तर संशय घ्यावा.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. डेक्सामेथासोनची 0.5 मिलिग्रॅमची चिमुकली गोळी ही सुमारे 13 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या तोडीची असते. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसोलच. म्हणजे शरीर दिवसभरात जेवढे करते त्याहूनही अधिक त्या एका गोळीत असते. अशा दोन गोळ्या रोज, सहा महिने, हा देहावर केवढा भार होतो हे यावरून समजावे.

लेपांचेही तसेच. नायटा, गजकर्ण, चेहऱ्यावरचे वांग यांसाठी शेजारणीने सांगितलेले मलम महिनोन्‌महिने चोळले जाते. त्यात तीव्र स्टिरॉइड असेल आणि ते अंगाच्या मोठ्या भागावर दीर्घकाळ लावले, तर त्वचेतून ते रक्तात उतरते. लहान मुलांत हा धोका अधिक असतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टिरॉइडयुक्त अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत समाविष्ट केली, ती याच कारणाने.

एकदम तोडू नये

येथवर वाचून एखाद्याने घरातील स्टिरॉइडची गोळी आजच फेकून देण्याचे ठरवले, तर ते पहिल्या चुकीहून मोठी चूक ठरेल. बाहेरून औषध येत राहिले की पीयूषिका आदेश देणे थांबवते आणि अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त होतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद केले, तर शरीरात बाहेरचेही कॉर्टिसोल नाही आणि घरचेही नाही अशी स्थिती येते. उलट्या, प्रचंड थकवा, साखर आणि रक्तदाब कोसळणे, शुद्ध हरपणे, असा तो प्रसंग असतो आणि वेळीच उपचार न मिळाल्यास तो प्राणावर बेततो. औषध पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावे लागते. त्याला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. बाहेरून स्टिरॉइड घेणाऱ्याचे रक्त तपासले तर त्यात कॉर्टिसोल अनेकदा कमीच आढळते. कृत्रिम औषध त्या तपासणीत दिसत नाही आणि शरीराची स्वतःची निर्मिती बंद पडलेली असते. चेहरा अतिरेकाचा आणि अहवाल अभावाचा, असे कोडे डॉक्टरांपुढे पडते. ते सोडवण्याची किल्ली रुग्णाच्या पिशवीत असते. पुडी, चूर्ण, मलम, सुईची चिठ्ठी, डोळ्यांत घालायचे थेंब, दम्याचा पंप, सारे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावे. 'रागावतील' म्हणून काही लपवू नये.

आतून आलेला अतिरेक

बाहेरून काहीही घेतलेले नसेल, तर कारण आत शोधावे लागते. हा प्रकार विरळा आहे. जगभरातील अनुभव असा, की दरवर्षी दहा लाख लोकांमागे दोन-तीन नवे रुग्ण आढळतात. 2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 होती. या हिशेबाने जिल्ह्यात वर्षाला दोन-तीन रुग्ण असू शकतात. आकडा लहान आहे. परंतु ज्या घरात तो रुग्ण असतो त्या घराला आकड्याचे काय सांत्वन? स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. आतल्या कारणांपैकी सुमारे 70 टक्के रुग्णांत दोष पीयूषिकेतील गाठीचा असतो. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते आणि अनेकदा तुरीच्या डाळीएवढीच असते. उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीतील गाठ किंवा फुप्फुसासारख्या अन्य अवयवातील एसीटीएच बनवणारी गाठ आढळते. रोजच्या मानसिक ताणामुळे हा विकार जडतो असे समजण्याचे कारण नाही. म्हणून 'काकू फार विचार करतात' हेही निदान नव्हे.

निदानासाठी प्रामुख्याने तीन तपासण्या आहेत. पहिलीत 24 तासांची लघवी साठवून तिच्यातील कॉर्टिसोल मोजतात. दुसरीत रात्री उशिरा कापसाच्या बोळ्यावर लाळ घेऊन ती तपासतात. मध्यरात्रीची मर्यादा मोडली आहे की नाही हे त्यातून कळते. तिसरीत रात्री 11 वाजता डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी 8 वाजता रक्त घेतात. निरोगी माणसात त्या वेळचे कॉर्टिसोल 1.8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाते. विकारात ते हटवादीपणे वरच राहते.

रात्रीभोजनत्याग आणि चौविहार पाळणाऱ्यांपुढे येथे खरा पेच उभा राहतो. सूर्यास्तानंतर जलही न घेणाऱ्याने रात्री 11 वाजता गोळी कशी घ्यावी? काही जण डॉक्टरांशी न बोलता ती गोळी संध्याकाळीच घेऊन टाकतात, काही घेतच नाहीत आणि घेतल्याचे सांगतात. दोन्ही प्रकारांत अहवाल फसवा निघतो व उपचाराची दिशा चुकते. त्यापेक्षा आपला नियम डॉक्टरांना आधीच सांगावा. लाळेच्या व लघवीच्या तपासणीत काही गिळावे लागत नाही, त्यामुळे व्रताला बाध न येता प्रारंभ होऊ शकतो. तरीही गोळीची तपासणी आवश्यकच ठरली, तर आपल्या गुरुजनांना विचारून एका रात्रीपुरता मार्ग काढावा. प्रत्याख्यानाच्या परंपरेत आगाराचा, म्हणजे सवलतींचा, विचार पूर्वीपासून आहे. व्रत आणि सत्य ही दोन्ही सांभाळायची असतील तर खोटा अहवाल हा त्यांतला मार्ग असू शकत नाही.

पुढे पीयूषिकेचे एमआरआय किंवा पोटाचे सीटी स्कॅन करून गाठीची जागा शोधतात. एमआरआयमध्ये गाठ न दिसल्यास पीयूषिकेजवळच्या शिरांतून रक्त घेऊन तपासावे लागते. हिंगोलीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे. संशय आल्यावर पहिले पाऊल तेथे टाकता येते. पुढच्या सूक्ष्म तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांसाठी मात्र अंतःस्रावतज्ज्ञ आणि अनुभवी मेंदूशल्यविशारद एकत्र असतील अशा मोठ्या केंद्री जावे लागते. मुंबईत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या अंतःस्रावशास्त्र विभागाने या विकारावर दीर्घकाळ काम केले आहे. त्या विभागाच्या डॉ. नलिनी शहा यांनी बालकांतील कुशिंगविकाराबद्दलही लेखन केले आहे. म्हणजे या रोगाचे ज्ञान आणि उपचार आपल्याच राज्यात, सार्वजनिक रुग्णालयात उपलब्ध आहेत.

उपचार आणि त्यानंतरचे व्रत

पीयूषिकेतील गाठ आज बहुधा नाकाच्या वाटेने काढतात. कवटी उघडावी लागत नाही. गाठ लहान असेल आणि हात अनुभवी असतील तर दहांपैकी सात-आठ रुग्णांत कॉर्टिसोल आटोक्यात येते. अधिवृक्क ग्रंथीतील गाठ बहुतेक वेळा दुर्बिणीतून काढता येते. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास वा अपुरी पडल्यास संप्रेरकनिर्मिती रोखणारी औषधे, किरणोपचार असे मार्ग आहेत. रोग काही वर्षांनी उलटू शकतो, म्हणून तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर रुग्णाला आधीपेक्षाही गळून गेल्यासारखे वाटते. अंग दुखते, भूक मरते, मन खचते. यात विपरीत काही नाही. अतिरेकाला सरावलेला देह आता मर्यादेत येऊ पाहत असतो आणि निद्रिस्त ग्रंथी जाग्या होण्यास कित्येक महिने लागतात. तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. सकाळी मोठी मात्रा आणि दुपारी लहान, अशी त्यांची सामान्य रीत असते; शेवटची मात्रा बहुधा सूर्यास्तापूर्वीच बसवता येते. रात्रीचा नियम आणि हे औषध यांचा मेळ घालणे अवघड नाही.

उपवासाचे मात्र तसे नाही. ज्यांच्या ग्रंथी निद्रिस्त आहेत, मग त्या शस्त्रक्रियेनंतरच्या असोत की दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यामुळे, त्यांनी औषध सोडून केलेला निर्जल उपवास प्राणघातक ठरू शकतो. उपवासात साखर सांभाळणारा पहारेकरीच तेथे हजर नसतो. ताप, उलट्या, अपघात अशा वेळी मात्रा वाढवावी लागते. ती कशी, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे आणि 'हा रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून आहे' अशी चिठ्ठी सदैव जवळ ठेवावी. चातुर्मासाचे नियम घेण्यापूर्वी आपली अवस्था गुरुजनांना मोकळेपणाने सांगावी. रसत्याग, मौन, स्वाध्याय, अनुकंपादान, ऊनोदरीचे सौम्य रूप, अशा अनेक वाटांनी तपाराधना होऊ शकते. देहाच्या शक्तीचा विचार करूनच तप करावे, ही शिकवण काही नवी नाही.

औषध कशापासून बनते हा प्रश्नही अनेक घरांत विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आरंभी, 1940 च्या दशकात, कॉर्टिसोन गुरांच्या पित्तातील द्रव्यापासून तयार होत असे. पुढे मेक्सिकोतील एका रानकंदातील द्रव्य आणि नंतर सोयाबीन तेलातील घटक यांपासून अशी संप्रेरके बनवण्याच्या पद्धती निघाल्या, आणि प्राण्यांच्या पित्तावरचे अवलंबन सुटले. हिंगोलीच्या शिवारात डोलणाऱ्या पिकाचे या औषधांशी असे नाते आहे. गोळीतील पूरक द्रव्ये किंवा कॅप्सूलचे वेष्टन यांविषयी शंका असल्यास औषधविक्रेत्याकडून माहिती घ्यावी आणि डॉक्टरांकडून पर्याय मागावा; मात्र उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवू नये.

घराने करावयाचे काम

शिरड शहापूरच्या भगवान मल्लिनाथांच्या दर्शनाला जाताना बसमधून उतरण्यासाठी ज्या काकूंना आधार लागतो, त्यांना आधार देणारा हात चटकन पुढे येतो. त्यांना खरी गरज असते ती आणखी एका आधाराची. 'तुम्ही जास्त खाता' असे न म्हणता 'कधीपासून असे होते आहे?' असे विचारणारे कुणीतरी घरात हवे असते. सुनेने काळ्यानिळ्या डागांची नोंद ठेवावी, मुलाने जुने फोटो काढून पाहावेत, यजमानांनी आजवरच्या सुया आणि पुड्या आठवून कागदावर उतरवाव्यात. हा कागद, ते फोटो आणि औषधांची पिशवी घेऊन एखाद्या सकाळी सर्वांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. तपासणीतून कदाचित साधा लठ्ठपणाच निघेल, कदाचित थायरॉइडचा विकार निघेल, कदाचित कॉर्टिसोलचा. काहीही निघाले तरी काकूंच्या ताटातली ती अर्धी पोळी त्यांना परत मिळेल.